ईदचा कुर्ता टोचतो का?

नवा कपडा अंगाला लागला की किंचाळणं, वजूच्या पाण्याची भीती, मिक्सर सुरू झाला की कानावर हात... पोर हट्टी आहे, की त्याच्या कानांचा आणि कातडीचा व्हॉल्यूमच मोठ्यावर सेट झालाय?

समजा, रमजान ईदची सकाळ आहे. घरभर शिरखुर्म्याचा वास सुटलाय. मुस्लिम बोर्डिंगच्या पटांगणावर नमाजेला वेळेत पोचायचं म्हणून सगळ्यांची पळापळ. चार वर्षांच्या पोरासाठी महाद्वार रोड पालथा घालून आणलेला जरीकामाचा कुर्ता इस्त्री करून ठेवलाय. तो डोक्यातून खाली आला रे आला, की पोर गळ्याशी ओढायला लागतं. मग रडणं, मग किंचाळणं, मग जमिनीवर लोळण. अब्बू डोळे वटारतात. दादी म्हणते, "लई लाडावून ठेवलंयस गं तू त्याला!" दहा मिनिटं समजूत, पाच मिनिटं दम, आणि शेवटी कुणाचा तरी हात उठतो. पोर हुंदके देत झोपून जातं. वर्षाचा सण असा जातो.

तुमच्या घरी ईद नसेल तर कुर्त्याच्या जागी मामाच्या लग्नातली शेरवानी ठेवा. किंवा विसर्जन मिरवणुकीतला डॉल्बी ठेवा. चित्र ओळखीचं वाटलं ना?

आता त्याच सीनकडे पोराच्या बाजूनं बघू. तुम्हाला जी जर ऐटबाज दिसते, ती त्याच्या मानेला काथ्याच्या ब्रशसारखी घासतेय. तुम्हाला तो कुर्ता घातल्यावर दोन मिनिटांनी विसरायला होतो, कारण तुमचा मेंदू 'हे कापड आहे, सोड' म्हणून ती खबर बाजूला टाकतो. त्याचा मेंदू टाकत नाही. दर सेकंदाला नव्यानं सांगत राहतो, टोचतंय, टोचतंय, टोचतंय. चार वर्षांच्या जिवाला हे शब्दांत मांडता येत नाही. त्याला फक्त ओरडता येतं.

मेंदूतला ताराराणी चौक

या भानगडीकडे पहिल्यांदा नीट बघितलं ते जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनं. १९७२ साली तिचं या विषयावरचं पुस्तक आलं. डोळे, कान, कातडी धड असूनही काही मुलं कपड्यांना, आवाजांना, झोपाळ्याला इतकी का घाबरतात, काही मुलं सतत धडपडत का राहतात, हा तिचा प्रश्न. तिचं म्हणणं असं, की बाहेरून येणाऱ्या संवेदना मेंदूत नीट लावल्या जात नाहीत. तिनं उपमा दिली होती ट्रॅफिक जॅमची. आपण संध्याकाळी सातचा ताराराणी चौक डोळ्यांपुढे आणावा. सिग्नल बंद, पुण्याकडून आलेली एसटी मधेच आडवी, आणि सगळे एकदम हॉर्न वाजवतायत!

शाळेत आपल्याला पाच ज्ञानेंद्रियं शिकवली. या क्षेत्रातले लोक आठ मोजतात. सहावं कानाच्या आतल्या भागातलं, तोल आणि हालचाल सांगणारं. सातवं स्नायू आणि सांध्यांमधलं, आपला हात-पाय कुठे आहे आणि किती जोर लावलाय ते कळवणारं. डोळे मिटूनही घास बरोबर तोंडात जातो तो याच्यामुळे. आठवं शरीराच्या आतलं. भूक, तहान, शी-शू, छातीतली धडधड. पाच वर्षांचं पोर खेळता खेळता चड्डी ओली करतं तेव्हा दर वेळी तो आळस नसतो. कधी कधी आतली घंटीच उशिरा वाजते.

किती मुलांना हा त्रास असतो? अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या पालकांनी दिलेल्या उत्तरांवरून, हे प्रमाण निदान पाच टक्के निघालं. म्हणजे चाळीस पोरांच्या वर्गात दोन तरी. हा आकडा तिकडचा आणि पालकांच्या सांगण्यावरचा, त्यामुळे तो इथे जसाच्या तसा लावू नये. पण ज्या वर्गात असं एकही मूल नाही असा वर्ग सापडणं कठीण, एवढं त्यावरून कळतं.

ओळखायचं कसं?

काही मुलांना सगळं जास्त लागतं. मोज्याची शिवण, शर्टाचं लेबल, कंगवा, नेलकटर. वजू करताना कोपरावरून ओघळणारा पाण्याचा थेंब आणि त्यानंतर मनगटाला चिकटलेली ओली बाही, हे तर खास! मोठ्यांना सुखावणारं गार पाणी या मुलांना चटका बसल्यासारखं लागतं. मेंदीचा ओला गोळा तळहातावर पडला की हात झटकतात. चाचांनी प्रेमानं लावलेलं अत्तर त्यांच्या नाकात दिवसभर बसतं. जवळच्या भोंग्यातून अचानक अजान सुरू झाली, कुकरची शिट्टी झाली, मॉलच्या टॉयलेटमधला हात वाळवायचा पंखा घोंगावला, की कान झाकून पळ.

खाण्याचंही तसंच. शिरखुर्मा गोड आहे, मग हे पोर का खात नाही, असं फुप्पीला वाटतं. पण त्या एका घासात काय काय आहे बघा. दुधात भिजून गिळगिळीत झालेली शेवई, चिवट खारीक, कडक बदाम, मधेच फुटणारा मनुका. चव राहिली बाजूला, तोंडातला तो गोंधळच त्याला झेपत नाही. अशी मुलं पांढरा भात, बिस्किट, कोरडी चपाती अशा चार-पाच 'खात्रीच्या' पदार्थांवर महिनोन्महिने काढतात. तिखटाला मान असलेल्या कोल्हापुरात तर हे म्हणजे घराण्याचं नाव बुडवणं!

आणखी एक गंमत. हळू, गुदगुल्यांसारखा स्पर्श यांना सोसत नाही, पण घट्ट दाब आवडतो. खालानं गालाचा मुका घेतला की गाल पुसून काढणारं पोर स्वतःहून गाद्यांच्या ढिगाखाली जाऊन पडतं. घरच्यांना वाटतं, खालाचाच राग आहे याला.

दुसऱ्या टोकाची मुलं असतात, ज्यांना सगळं कमी लागतं. पडतात, गुडघा फुटतो, रडत नाहीत. तोंडाभोवती खरकटं लागलेलं कळत नाही. चार हाका मारल्या तरी मान वर नाही. आणि यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही, कारण ती त्रास देत नाहीत. मुलगी असेल तर विचारूच नका. 'शांत आहे हो, अगदी गुणी' म्हणून सगळे कौतुक करत राहतात आणि दोन वर्षं निघून जातात.

तिसरी तऱ्हा शोधणाऱ्यांची. यांना संवेदना पुरतच नाहीत, आणखी हवी असते. सोफ्यावरून उड्या, स्वतःभोवती गिरक्या, शर्टाची कॉलर चावून चावून ओली, दिसेल त्या वस्तूचा वास. मशिदीत नेलं तर रांगांमधून पळत सुटणार, सजद्यातल्या माणसाच्या पाठीवर धपकन बसणार. मग 'शैतान' हे नाव कायमचं चिकटतं.

एकच मूल तिन्हीत असू शकतं. आवाजाला घाबरणारं पोर गिरक्यांना मात्र भुकेलेलं असतं. शिवाय रोज सारखंही नसतं. झोप झाली नाही, भूक लागली, घरात पाहुणे भरले की व्हॉल्यूम आणखी वाढतो. रमजानमधे तर सगळंच एकत्र येतं. सहेरीला घर उठतं, पोराची झोप मोडते, संध्याकाळी इफ्तारची गर्दी, रात्री तरावीहला जायची घाई. 'महिनाभर कसा बिघडलाय बघ' असं म्हणण्याआधी त्याच्या झोपेचे तास मोजा.

आणि हो, शाळेत गुणी, घरी वादळ, हा प्रकार फार आढळतो. बाईंसमोर पोर दिवसभर दात-ओठ खाऊन सगळं सहन करतं आणि दारातून आत पाऊल टाकलं की फुटतं. याचा ठपका कुणावर? अम्मीवर. 'बाकी कुणाकडे नाही करत, तुझ्याकडेच करतो.' अहो, जिथे सुरक्षित वाटतं तिथेच माणूस फुटतो!

आता महत्त्वाचा प्रश्न. कुठलं पोर नखरे करत नाही? दोन वर्षांचं मूल 'नको' म्हणतं ते त्याचं कामच आहे. हट्ट आणि त्रास यातला फरक ओळखायची एक साधी खूण आहे. हट्टाला प्रेक्षक लागतात. चॉकलेट मिळालं, आई खोलीबाहेर गेली, की तो ओसरतो. संवेदनांचा कडेलोट झालेलं मूल चॉकलेट मिळालं तरी थांबू शकत नाही, आणि शांत झाल्यावर पार गळून जातं. दरवेळी हे एवढं स्वच्छ दिसेलच असं नाही. म्हणून दुसरी खूण बघा. या प्रकारामुळे त्याचं खाणं, झोप, अंघोळ, शाळा, बाहेर जाणं यांतलं काही खरोखर अडतंय का? महिनोन्महिने? एकापेक्षा जास्त ठिकाणी? उत्तर हो असेल तर दम देऊन काही होणार नाही.

नजर, साया आणि मिरचीची धुरी

इथे जरा स्पष्ट बोलायला हवं. पोर विचित्र वागतं म्हटलं की आपल्याकडे पहिला फोन डॉक्टरला जात नाही. 'नजर लागलीय', 'साया आहे', 'अमुक बाबांकडे ताईत मिळतो.' यात फक्त मुसलमान घरं आहेत असं नाही. ईडा-पीडा उतरवणारे सगळ्या पेठांमधे आहेत, आणि गिऱ्हाईकंही सगळ्या धर्मांची आहेत.

नजर लागते असं मानणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. हदीसमधे नजरेचा उल्लेख आहे, तसा इलाज करून घ्या असाही स्पष्ट सल्ला आहे. अल्लाहनं आजार दिला तसं त्याचं औषधही ठेवलंय, ही शिकवण अबू दाऊदच्या संग्रहात आहे. तेव्हा दुआ करा, रोज करा, सूरे पढून फुंकर घाला. आईच्या कुशीत बसून ऐकलेल्या आयती पोराला शांत करत असतील तर उत्तमच. पण ज्या मुलाला उदबत्तीचा वास सोसत नाही त्याला मिरचीची धुरी द्यायची, ज्याला हलका स्पर्श भाजतो त्याला चार जणांनी धरून ठेवायचं, याला इलाज म्हणत नाहीत. तो छळ आहे. तिथे घालवलेले सहा महिने परत मिळत नाहीत, आणि त्या वयातले सहा महिने फार मोठे असतात.

दीननं आधीच दिलेली सवलत

'मशिदीत गप्प बसत नाही, मग आणायचंच कशाला?' असं ऐकून अनेक आई-बाप ईदगाहची वाटच सोडतात. त्यांनी मदिनेत पैगंबरांच्या मशिदीत काय चालायचं ते जरूर वाचावं. लहान मूल रडताना कानावर आलं की पैगंबर मुहम्मद (स.) नमाज आटोपती घेत, कारण मागे उभ्या असलेल्या आईचा जीव कसा होत असेल हे त्यांना कळायचं. हे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढवली. सजद्यात जाताना तिला खाली ठेवायचे, उठताना पुन्हा उचलायचे. आणि एकदा सजदा इतका लांबला, की मागच्या लोकांना काही विपरीत झालं की काय असं वाटलं. नंतर कळलं, नातू पाठीवर चढून बसला होता आणि त्याचं मन भरेपर्यंत त्याला उतरवणं त्यांना बरं वाटलं नाही. हे नसाईंच्या संग्रहात आहे.

पाठीवर धपकन बसणारं ते वरचं 'शैतान' आठवलं ना?

खाण्याचीही एक गोष्ट आहे, मला फार आवडते ती. एकदा भाजलेली घोरपडीसारखी एक पाल ताटात वाढली गेली. पैगंबरांनी हात मागे घेतला. हराम आहे का, असं खालिद बिन वलीद यांनी विचारलं. नाही, पण आमच्या भागात हे नसतं, मला ते खावंसं वाटत नाही, असा उत्तराचा आशय. खालिद यांनी ताट ओढून घेतलं आणि मजेत खाल्लं. एकाच दस्तरखानावर एक खातो, दुसऱ्याला शिसारी येते, आणि कुणी कुणाला 'नाटकं करतोस' म्हणत नाही! शिरखुर्मा नको म्हणणाऱ्या पोराला एवढी सूट द्यायला हरकत नसावी.

नियमांचं म्हणाल तर, मूल वयात येईपर्यंत त्याच्यावर नमाज-रोजा फर्ज नाहीच. सात वर्षांचं झालं की नमाज शिकवायला सुरुवात करा, असं सांगितलंय. आपण बोलतोय ती तीन-चार-पाच वर्षांची मुलं. या वयाच्या पोराचं डोक्यावरच्या टोपीवाचून, पूर्ण वजूवाचून, पहिल्या रांगेवाचून काही अडत नाही. अडतं ते आपलं, लोक काय म्हणतील म्हणून. माणसावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकला जात नाही, हे सूरे बकराच्या शेवटच्या आयतीतलं तत्त्व मोठ्यांना पाठ असतं. पोराची कुवत किती हे बघायची वेळ आली की मात्र विसरायला होतं.

मूल मोठं झाल्यावरही दारं बंद होत नाहीत. आजारपणात पाण्याऐवजी तयम्मुम आहे, उभं राहता येत नसेल तर बसून नमाज आहे. संवेदनांचा त्रास यात कितपत बसतो हे प्रत्येक मुलाचं वेगळं, ते जाणकार आलिमला विचारावं. पण विचारताना 'पोरगा ऐकत नाही' एवढंच सांगू नका. डॉक्टरांचा कागद बरोबर न्या.

एका अंध माणसाकडे क्षणभर दुर्लक्ष झालं म्हणून थेट कुरआनमधे कानउघाडणी आली, त्या सूरेचं नाव अबस. ते गृहस्थ, अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम, पुढे मदिनेत बिलाल यांच्याबरोबरच अजान देत असत. आपल्या कोल्हापुरातही हे नवं नाही. सोळाव्या वर्षी पाय गेलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली इथे 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन मराठी घराघरांत वाचलं गेलं. व्हीलचेअरसाठी रॅम्प लागतो हे अशा लोकांमुळे आपल्याला कळलं. कानात आणि कातडीत असलेली अडचण मात्र कुणाला दिसत नाही, तिला रॅम्प कोण बांधणार?

डॉक्टरकडे जाताना

आधी एक गोष्ट क्लिअर करू. 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' हे नाव इंटरनेटवर जागोजागी भेटतं, पण तो सर्वमान्य स्वतंत्र आजार नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या यादीत, म्हणजे २०१३ च्या 'डीएसएम-५' मधे, त्याला वेगळी जागा मिळाली नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तर २०१२ मधेच सांगितलं होतं, की हे लेबल सरसकट लावू नका, मागे दुसरं काही आहे का ते शोधा. स्वमग्नता, अतिचंचलता, चिंता, विकासातला उशीर, यांच्या जोडीला हा त्रास पुष्कळदा असतो. स्वमग्नतेच्या लक्षणांत तर डीएसएम-५ नं त्याचा समावेशच केलाय. आणि कित्येक मुलांना यातलं काहीच नसतं, फक्त कुर्ता टोचतो! त्यामुळे मोबाईलवर दहा प्रश्नांची टेस्ट सोडवून स्वतःच निकाल लावू नका.

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञापासून करा. हाकेला ओ देत नसेल तर सर्वांत आधी कानाची तपासणी. डोळेही. माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल तर रक्त तपासा, त्यामागे लोहाची कमतरता असू शकते. वर्ष होऊनही नावाला वळून बघत नाही, दीड वर्षानंतरही काही दाखवायला बोट करत नाही, किंवा आलेले शब्द गेले, असं असेल तर 'बोलेल हळूहळू, याचे अब्बूपण उशिराच बोलले' यावर विसंबू नका, त्याच आठवड्यात जा.

पैशाची अडचण असेल तर एक लक्षात ठेवा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी येते आणि विकासातल्या अडचणींसाठी जिल्हा पातळीवर केंद्रांची सोय आहे. सीपीआरच्या बालरोग विभागात किंवा अंगणवाडीत त्याची चौकशी करा.

पुढची पायरी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. फिजिओथेरपिस्ट वेगळा, हा वेगळा. पदवी विचारायला लाजू नका. झोपाळे, मोठे बॉल, उशांचे डोंगर, अशा खेळासारख्या गोष्टींतून ते काम करतात. पण हातचं राखून विश्वास ठेवा. या थेरपीचा काही मुलांना फायदा झाल्याचे अभ्यास आहेत, तसाच २०२२ मधे प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधला एक मोठा अभ्यासही आहे, ज्यात स्वमग्न मुलांना नेहमीच्या मदतीपेक्षा तिचा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून 'शंभर सेशन्सचं पॅकेज घ्या, मूल नॉर्मल करून देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. 'अंघोळ न रडता', 'चार नवे पदार्थ', 'वर्गात वीस मिनिटं' असं छोटं उद्दिष्ट ठरवणारा आणि तीन महिन्यांनी ते तपासणारा थेरपिस्ट बरा. जाताना दोन आठवड्यांची नोंद मोबाईलमधे करून न्या. काय झालं, त्याआधी काय चाललं होतं, झोप किती झाली होती, किती वेळानं शांत झालं. नवरा सोमवार ते शुक्रवार पुण्यात आणि वीकेंडला कोल्हापुरात असं असेल तर ही नोंद त्यालाही पाठवा. दोन दिवस पाहुण्यासारखं येऊन 'माझ्यासमोर तर छान वागतो' म्हणणाऱ्या अब्बूंसाठी ती फार उपयोगी पडते.

तोवर घरी काय?

नवा कुर्ता दोन-तीनदा धुवून मऊ करा, लेबल उसवून टाका, आत जुना बनियन घाला. जर नसलेला घेतला तर अल्लाह नाराज होत नाही. सणाच्या आठवडाभर आधी घरातल्या घरात पाच मिनिटं घालून बघू द्या. ईदगाहवर गर्दी व्हायच्या आधी पोचा, कडेची जागा पकडा, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा. खिशात कानटोपी असू द्या, हसणाऱ्यांना हसू द्या. मोहरमच्या खत्तलरात्री पंजे बघायला न्यायचं असेल तर हलगी-ताशाच्या शेजारी नको, लांबून, दहा मिनिटं, आणि पोरानं 'घरी' म्हटलं की घरी. गणपतीतही हाच नियम.

वजू खेळातून शिकवा. पाणी कोमट, मग त्याच्या हातात, आधी फक्त बोटं, आणि टॉवेलनं हळुवार पुसण्यापेक्षा घट्ट दाबून टिपा. मेंदी नको तर नको.

अंगातला जोर वापरायला मिळाला की बरीच मुलं निवळतात. थेरपिस्ट याला 'हेवी वर्क' म्हणतात. आपल्याकडे याला काम म्हणायचे! कणीक मळणं, पाण्याची बादली ओढणं, दादीच्या गाद्या रचणं, झोपाळ्यावर बसणं. आणि कोल्हापुरात तर ढकलाढकलीचं, घट्ट मिठीचं, मातीत लोळण्याचं पिढ्यान्पिढ्यांचं ठिकाण आहे, तालीम. सगळ्या मुलांना ती झेपणार नाही, माती अंगाला लागली की काहींचा थरकाप होईल. पण सोफ्यावरून उड्या मारणाऱ्याला एकदा नेऊन बघायला काय हरकत आहे? मक्तबमधे डुलत डुलत सबक पाठ करणारी पोरंही बघा. त्या डुलण्यानं काहींचं चित्त लागतं. उस्तादांना सांगून ठेवा, हा हलला तर हलू दे. सजद्यात कपाळ, तळवे, गुडघे जमिनीला टेकतात, तो दाबही काही मुलांना आवडतो. नमाज ही इबादत आहे, थेरपी नव्हे. पण अम्मीच्या शेजारी चटईवर येऊन स्वतःहून सजदा करणारं तीन वर्षांचं पोर 'खेळतोय' म्हणून उठवू नका.

राहता राहिले नातेवाईक. त्यांना लेक्चर देऊन उपयोग नाही, एक वाक्य ठरवून ठेवा. 'त्याला गळाभेट सोसत नाही, सलाम करेल.' दादीला वेगळं समजवावं लागेल, कारण तिला पोराला कुरवाळायचं असतं आणि ते अंग चोरतं याचं तिला खरंच वाईट वाटतं. तिला सांगा, हळू नको, घट्ट धर, आणि आधी विचार. पाठीमागून अचानक नको, समोरून.

आणि तुमच्या टीममधल्या कुणी ईदनंतर ऑफिसात येऊन 'अरे, आमच्याकडे जरा प्रॉब्लेम झाला' एवढंच म्हटलं, तर 'आमचा बघ, एक फटका दिला की सरळ होतो' हे वाक्य गिळून टाका. शिरखुर्म्याचा डबा उघडा आणि झोप झाली का विचारा. पोराची आणि त्यांचीही.